सत्तावन्न सालचं ग्रहण

आमच्या घरात ग्रहण पाळत नसत. नांदेडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. बाबा गँगमन होते, आणि ग्रहण लागलं की ते मुद्दाम ताट वाढून घेऊन दारात जेवायला बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे. शेजारी पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं पडायची, बायका न्हाणीघराकडे पळायच्या, आणि आमचे बाबा निवांत ठेचा-भाकरी खात बसलेले. आम्ही बौद्ध, दीक्षेबरोबर हे सगळं सुटलं, असं ते छाती पुढे काढून सांगत. मीही त्याच वळणावर गेले. पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले, मग तर मला शिंगंच फुटली.

फक्त माय ग्रहण पाळायची. निदान मला तसं वाटायचं. सूर्याचं असो की चंद्राचं, ग्रहण लागायच्या आधी ती आतल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सुटलं असं कुणी सांगितलं की उठून चुलीला लागायची. बाबा तिला कधी काही बोलले नाहीत. मी मात्र बोलायचे. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीला विचारा. बौद्ध असून ग्रहण पाळतेस, लोक काय म्हणतील, मी शाळेत मुलांना काय तोंडाने सांगू, असं मी तिला किती वेळा ऐकवलं असेल त्याला मोजदाद नाही. ती उत्तर द्यायची नाही. तिच्या गप्प बसण्याने मी अजूनच चिडायचे.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते तेव्हा दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. सकाळची वेळ. शेजारच्या बायका येऊन बजावून गेल्या की काही चिरू नकोस, शिवू नकोस, लेकराचा ओठ फाटका निघेल. मग काय, मी विळी आणि किलोभर भेंडी घेऊन गच्चीवर गेले आणि सूर्याकडे पाठ करून, पोट सांभाळत, सगळी भेंडी चिरली. खाली गल्लीत लोक माझ्याकडे बघत होते आणि मला ते फार आवडत होतं. मुलगी झाली, छान गुटगुटीत. ती महिन्याची असताना मी तिला कडेवर घेऊन सगळ्या शेजारणींना तिचे ओठ दाखवून आले.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला हवी होती आणि आली नाही. मायने मला अडवलं नव्हतं. भेंडी धुऊन तिनेच दिली, विळीही तिनेच काढून दिली, आणि मग ती आत जाऊन पडली. पोटुशा लेकीला ग्रहणात विळीवर बसू देणारी बाई ग्रहण पाळते, यात काहीतरी बसत नव्हतं. पण मी माझ्याच पराक्रमात होते.

नोकरी मला माझ्या आजोळीच लागली. अहमदपूर तालुक्यातलं गाव, मायचं माहेर. मामाने पेपरातली जाहिरात कापून पाठवली होती. मी अहमदपूरला खोली घेतली आणि रोज एसटीने जाऊ-येऊ लागले. खालच्या, म्हणजे आमच्या लोकांच्या वस्तीतल्या बाईची लेक वरच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते, याचं मामाला इतकं कौतुक की पहिले आठ दिवस तो फाटकापर्यंत सोडायला यायचा. माय मात्र गावात लग्नापुरती यायची, मामाच्या घरी उतरायची आणि तिथूनच परत जायची. वरच्या गावात तिने पाय ठेवलेला मी पाहिला नव्हता. तेही मला खटकलं नाही. बायकांना माहेर असं दोन दिवसांचंच असतं, असं मी धरून चालले.

दोन हजार अकरा साली डिसेंबरात खग्रास चंद्रग्रहण होतं, ऐन संध्याकाळी. असं ग्रहण वाया घालवायचं नाही, सगळं गाव शाळेच्या पटांगणात आणायचं, असं मी ठरवलं. मुख्याध्यापकांनी डोकं खाजवलं पण हो म्हणाले. दिवाळीनंतर मी नववीच्या वर्गाला तयारीला लावलं.

मुलांना पहिला प्रश्न नेहमी हाच पडतो की दर पौर्णिमेला चंद्र, पृथ्वी आणि सूर्य एका रेषेत येतात तर दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही. फळ्यावर चित्र काढून हे कधीच कळत नाही, मलाही कॉलेजात कळलं नव्हतं. म्हणून मी अहमदपूरच्या सायकलवाल्याकडून दोन जुन्या रिंगा आणल्या, एक मोठी, एक जराशी लहान. मोठी आडवी धरली. तिच्या आत लहान रिंग थोडी कललेली बसवली आणि समोरासमोर दोन ठिकाणी तारेने बांधून टाकली. मधोमध दोऱ्याला लिंबू टांगलं, ते लिंबू म्हणजे आपण. मोठ्या रिंगेवरून सूर्य फिरताना दिसतो, त्याच्या बरोबर समोर पृथ्वीची सावली पडते. लहान रिंग चंद्राची. ती पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. त्या दोन तारेच्या गाठींपैकी एखादीजवळ असतानाच पौर्णिमा झाली, तरच तो सावलीत सापडतो.

त्या गाठींना आपल्याकडे राहू आणि केतू म्हणतात, असं मी सांगितलं. एका मुलीने पुढे येऊन तारेच्या गाठीला बोट लावून पाहिलं. एवढाच का राहू, असं तिने विचारलं, जरा निराश होऊन. एवढाही नाही, खरी तर तिथे तारसुद्धा नाही, नुसती जागा आहे, असं मी म्हणाले. तो तास मी आयुष्यात विसरणार नाही.

मग हिशोब आला. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस. गाठीपासून निघून चंद्र परत त्याच गाठीला यायला सत्तावीस दिवस आणि वर थोडं. दोन्ही चाली वेगळ्या. स्टँडवर उदगीरची गाडी आणि लातूरची गाडी आपापल्या वेळेने येत राहतात आणि मधूनच एखाद्या दिवशी दोन्ही एकदम लागतात, तसंच हे. दोनशे तेवीस पौर्णिमा झाल्या की दोन्ही चाली पुन्हा जवळजवळ जिथल्या तिथे येतात. म्हणजे अठरा वर्षं, अकरा दिवस आणि वर आठ तास. मग तसंच ग्रहण पुन्हा लागतं, जणू तेच परत आलं. पण त्या वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून गेलेली असते, म्हणून ते दुसऱ्याच देशांवर दिसतं. तीन खेपा झाल्या की आठ त्रिक चोवीस, पूर्ण दिवस, आणि ते पुन्हा आपल्या अंगणात.

मी फळ्यावर उलटं मोजत निघाले. दोन हजार अकरा, त्याआधी त्र्याण्णव, पण तेव्हा ते आपल्याकडच्या दुपारी, म्हणजे दिसणार नाही. त्याआधी पंचाहत्तर, पहाटे चारच्या सुमारास. त्याआधी सत्तावन्न, नोव्हेंबर, संध्याकाळ. तारीख मी सहा लिहिली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली की मॅडम, मधल्या एका फेरीत पाच लीप वर्षं येतात, तिथे अकरा नाही, दहाच दिवस वजा करायचे. मी परत मोजलं. सात नोव्हेंबर. ती बरोबर होती. मला एक क्षण राग आला आणि लगेच इतका आनंद झाला की मी सगळ्या वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. अहमदपूरला परतल्यावर सायबर कॅफेत जाऊन छापील तक्ता काढला. सत्तावन्न, सात नोव्हेंबर, खग्रास, आपल्याकडच्या संध्याकाळी. अक्षर न् अक्षर जुळलं.

ही मोठी बातमी कुणाला सांगावी तर मायला. स्टँडवरूनच फोन लावला. हे ग्रहण नवीन नाही, जुनंच परत येतंय, सत्तावन्न साली कार्तिकी पौर्णिमेला दिवेलागणीला लागलं होतं तेच, नागपूरच्या दीक्षेच्या पुढच्याच वर्षी, आणि ते मी तुझ्याच गावच्या शाळेत सगळ्यांना दाखवणार आहे, असं मी एका दमात सांगितलं.

 मग ती म्हणाली, "तुला कोनं सांगितलं? दादानं?"

दादा म्हणजे मामा. मला काही समजेना. गणिताने कळलं, असं मी म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला होता.

रविवारी मी लोह्यावरून जाणारी गाडी धरून नांदेडला गेले. माय मेथी निवडत बसली होती. मला पाहून तिने दुसरी जुडी माझ्यापुढे सरकवली. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच. गणिताने खरंच कळतं का, एवढंच तिने विचारलं. मी वहीत लिहून दाखवलं, तिला वाचता येत नसलं तरी. मग मेथीची पानं खुडत, माझ्याकडे न बघता तिने सांगितलं.

ती आठेक वर्षांची होती. तोपर्यंत गावाची रीत अशी की ग्रहण लागलं की खालच्या वस्तीतल्या लोकांनी सूप घेऊन वरच्या गावात जायचं आणि गल्लोगल्ली "दे दान, सुटं गिरान" म्हणून ओरडायचं. राहू-केतू आमच्याच जातीतले, आम्हाला दिलं की ते चंद्राला सोडतात, असा समज. माय तिच्या आजीबरोबर जायची. तिला ते आवडायचं. ज्वारी मिळायची, कधी गुळाचा खडा, कधी जुनं लुगडं. तिचा आवाज खणखणीत, त्यामुळे आजी तिला पुढे करायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात वस्तीने दीक्षा घेतली होती. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, उष्टं मागायचं नाही, ग्रहण मागायला जायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. हे ठरवण्यात तिचा बाप पुढे होता. आठ वर्षांच्या पोरीला ढोरं कळली, उष्टं कळलं, ग्रहणाचं कुणी वेगळं समजावून सांगितलं नाही. कार्तिकात संध्याकाळी चंद्र काळा पडू लागला. आजी आजारी पडलेली. मोठी माणसं रानातल्या आखाड्यावर ज्वारीच्या कडब्याच्या कामात. आपल्याला उशीर होतोय म्हणून ही पोर भिंतीवरचं सूप काढून एकटीच वर पळाली.

त्या दिवशी तिला कधी नव्हे इतकं मिळालं, कारण ती एकटीच आली होती. लोक दारात वाटच बघत होते. एका घरातली बाई सुपात ज्वारी ओतताना मागे वळून हसत म्हणाली, "आली की. कुठं जातेत ही."

"त्या वक्ताला मला काईच कळलं न्हाई," माय म्हणाली. "वस्तीत आल्यावर बापाचं तोंड बगितलं, तवा कळलं. बापानं मारलं आसतं तर बरं झालं आसतं. त्यानं सूप घेतलं अन् घरोघर जाऊन ज्याचं त्याला वापस केलं. म्या त्याच्या मागं मागं. समद्या गावासमोर हात जोडून म्हनला, लेकरू चुकलं, पुन्ना कुनी येनार न्हाई."

आणि पुन्हा कुणी गेलं नाही. पण पुढची कित्येक वर्षं, वस्तीतल्या कुणाला टोमणा मारायचा असला की वरच्या गावातले त्या ग्रहणाची आठवण काढायचे. ज्या माणसाने वस्तीला थांबवलं त्याचीच लेक सूप घेऊन आली होती, असं. बापाने तिला जन्मात त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. म्हणूनच ती ग्रहणात तोंड लपवत होती. आणि मी, शिकलेली, शहाणी, पंधरा वर्षं तिला अंधश्रद्धाळू म्हणत आले होते. मला माझी इतकी चीड आली की मेथीची जुडी तशीच हातात राहिली. मी रडले. तिने मला गप्प केलं नाही, पाणीही दिलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

कार्यक्रमाला ये, असं मी नंतर म्हटलं. "न्हाई," ती म्हणाली. "तिथं न्हाई येत म्या." एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी नाही घातला. निघताना चपला घालता घालता सहज विचारलं की त्या संध्याकाळी ते ग्रहण दिसत कसं होतं.

माय म्हणाली, "म्या कुटं बगितलं? माझे डोळे लोकांच्या दारावर व्हते."

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने ग्रहण एकदाही पाहिलं नव्हतं. परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कार्यक्रम बरा होवो की फसो, माझ्या मायने हे ग्रहण डोळ्यांनी बघितलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. पण ते तिला हवं असायला पाहिजे होतं. मग मी रोज फोन करून नुसत्या वेळा सांगत राहिले. सव्वासहाला लागणार. सात छत्तीसला पूर्ण झाकणार. एक्कावन्न मिनिटं तसाच राहणार. नऊ अठ्ठेचाळीसला सुटणार. ती हूं हूं करायची.

ग्रहणाच्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही पटांगणात सतरंज्या अंथरत होतो. रस्त्यावर काळी-पिवळी जीप थांबली आणि माय उतरली. एकटीच. बुद्धवंदनेला नेसते ती पांढरी साडी, केस चापून बसवलेले, हातात पिशवी. मामाच्या घरी न जाता सरळ वरच्या गावातून, भर बाजारगल्लीतून चालत ती शाळेच्या फाटकात आली. मी सतरंजीचं टोक सोडून धावत गेले. पिशवीत भाकरी होत्या. ग्रहणात खायला, असं तिने सांगितलं.

संध्याकाळी पटांगण भरलं. थंडी चांगली पडली होती, लोक घोंगड्या घेऊन आले होते. नववीच्या मुली रिंगा हातात धरून घोळक्या-घोळक्यांना समजावत होत्या आणि मोठ्या माणसांच्या चुका काढत होत्या, त्यात त्यांना फारच मजा येत होती. चंद्राच्या कडेला पहिला डाग लागला तसा पोरांनी गलका केला. मायने मान वर केली ती केलीच. खुर्ची दिली तर बसली नाही. मध्येच तिने पिशवीतली भाकरी काढली, अर्धी मला दिली आणि चंद्राकडे बघत उभ्यानेच खाल्ली.

चंद्र पुरता झाकला गेला, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा लालसर दिसू लागला, तेव्हा बाजारगल्लीतल्या लिंगायत दुकानदाराच्या घरची म्हातारी नातसुनेचा हात धरून आली. ऐंशीच्या घरात असेल. ती ग्रहण पाळत होती, दुपारपासून पोटात काही नव्हतं, पण गाव लोटलंय म्हटल्यावर तिला घरात राहवलं नाही. ती मायच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघू लागली.

"तू खालच्या वस्तीतली ना?" ती म्हणाली. "गिरानाला यायचीस. लई खणखणीत आवाज व्हता तुझा."

तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं, ओळख पटल्याचा आनंदच होता.  तरी मायला घेऊन तिथून निघावं की म्हातारीला काही सुनवावं, मला सुचेना. तोंड उघडलंही होतं मी. मायने माझ्या दंडावर हात ठेवला.

"हाव, म्याच ती," माय म्हणाली. "शेवटच्या डावाला चुकून आले. मंग न्हाई आले."

म्हातारी परत वर चंद्राकडे बघू लागली. तिला ते सगळं आठवलं असावं, किंवा नसावं. सुपात ज्वारी ओतताना हसलेली ती बाई हीच होती का, हे मी मायला नंतर विचारलं. म्हाईत न्हाई, त्या वक्ताला समद्या सुनांची तोंडं पदराआड आसायची, असं ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हातारीने हळूच विचारलं की बाई, सुटणार कधी हे, भूक लागलीय.

माय तिच्याकडे वळली आणि आजूबाजूच्या दहा-वीस लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिंटाला. माझ्या लेकीनं गणित केलंय."

खरं तर दिवस माझ्या गणिताचा होता, मिनिटं छापील तक्त्यातली होती. एरवी मी मुलांना अशा बाबतीत फार कडक असते. त्या वेळी मात्र दुरुस्ती करायला मी काही पुढे झाले नाही.

नऊ चाळीसपासून सगळं पटांगण घड्याळाकडे आणि चंद्राकडे आळीपाळीने बघत होतं. मुख्याध्यापकांनी रेडिओवर लावून घेतलेलं आपलं घड्याळ हातातच काढून धरलं होतं. कडेची शेवटची काळी रेघ पुसट होत गेली आणि बरोबर अठ्ठेचाळीसला चंद्र स्वच्छ गोल झाला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बरोबर आहे बरं का, असं मायला सांगून म्हातारी जेवायला गेली. आणि माझी माय, जिने सव्वासहापासून एकदाही खाली बघितलं नव्हतं, मान चोळत त्या गावाच्या मधोमध उभी होती. लोक तिला येऊन विचारत होते की तुमचीच का ही मॅडम. हाव, माझीच, असं ती प्रत्येकाला सांगत होती, आणि प्रत्येक वेळी जरा जास्तच मोठ्याने. इतका अभिमान मला माझ्या नेमणुकीच्या कागदाचाही वाटला नव्हता.

मुक्कामाला मामाच्या घरी जाताना तिने विचारलं की हे परत कधी. अठरा वर्षांनी, डिसेंबरातच, पहाटे चारच्या सुमारास, आणि ते आपल्याकडूनच दिसेल, असं मी सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. ऐंशीची होईन, म्हणाली, आणि चालत राहिली.

त्याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. मधली ग्रहणं आम्ही मिळेल तशी पाहिली. यंदा होळीच्या पौर्णिमेला चंद्र उगवला तोच कडेने खाल्लेला होता. नांदेडच्या गच्चीवर आम्ही दोघी उभ्या होतो, माय काठी टेकून. शेजारची नवीन सून वर आली आणि आजी, तुम्ही ग्रहणात बाहेर कशा, असं काळजीने विचारू लागली. मायने तिला बसवून घेतलं आणि दोन बांगड्या एकीत एक तिरकी धरून सगळं समजावलं. गाठी, पौर्णिमा, अठरा वर्षं, वरचे आठ तास. एक शब्द चुकली नाही. मी मुकाट ऐकत होते. शेवटी त्या सुनेने विचारलं की मग हे तेच का, तुमच्या लहानपणचं.

"हे न्हाई," माय म्हणाली. "हे दुसरं हाय. आपलं यायला आनखी पावनेचार वर्सं हायेत. त्याच्यासाठीच तर जगून राहिले म्या."